आंकड्यांचे तोतये

पानिपतच्या रणांगणावरून सदाशिवरावभाऊ परत आले नाहींत. परंतु कांहीं वर्षांनीं 'मीच भाऊ' असें सांगणारा एक इसम पुढें आला, आणि सन १७७६ सालीं त्यानें कोंकणांत अशी धामधूम उडविली कीं, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोंप उडाली. हा तोतया मराठी वाचकांच्या चांगला ओळखीचा आहे. त्याची हकीकत येथें पुन्हां सांगावयाची नाहीं. फक्त तिच्यांतील एक गोष्ट ध्यानांत आणून द्यावयाची आहे. त्या तोतयाला चेहरा लागत होता. भाऊसाहेबांना पाहिलेलीं, त्यांच्या पंक्तीस बसलेलीं माणसें पुण्यांत हयात होतीं, आणि त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडविल्यावांचून त्याचा दावा शाबीत होण्यासारखा नव्हता. तो शाबीत झाला नाहीं, आणि त्याच सालीं त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत तोतयांची एक निराळीच जात जन्मास आली. या तोतयाला चेहरा नको, आवाज नको, वंशावळही नको. दुसऱ्याचें नांव, जन्मतारीख आणि नऊ आंकडे एवढें त्यास पुरे होतें. तेवढ्या भांडवलावर तो त्या माणसाच्या नांवें कर्ज काढतो, घर भाड्यानें घेतो, सरकारकडून कराचा परतावा उकळतो. आणि ज्याचें नांव गेलें त्याला पत्ता लागतो तो सावकाराची नोटीस दारांत आल्यावर. हे नऊ आंकडे आले कोठून, आणि त्यांना एवढें सामर्थ्य कोणीं दिलें, हें पाहण्यासाठीं सुमारें नव्वद वर्षें मागें गेलें पाहिजे.

सन १९२९ नंतरच्या मंदीनें त्या देशांतील लाखों कुटुंबें धुळीस मिळविलीं. वृद्धांच्या हालांस तर सीमा राहिली नाहीं. यावर एक उपाय म्हणून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १४ ऑगस्ट १९३५ रोजीं सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. कामगाराच्या वेतनांतून थोडा भाग कापून घ्यावयाचा, मालकानें तितकीच भर घालावयाची, आणि कामगार वयस्क झाला म्हणजे त्यास पेन्शन द्यावयाची, अशी ती योजना होती. योजना चांगली, परंतु तिच्या पोटांत हिशेबाची एक मोठी अडचण दडलेली होती. कामगार आज एका गिरणींत, तर उद्यां दुसऱ्या शहरांतील गुदामांत. जॉन स्मिथ या नांवाचे इसम तर गल्लोगल्लीं. तीस-चाळीस वर्षांनीं कोणत्या जॉन स्मिथचे किती पैसे जमा आहेत हें सांगावयाचें कसें? बोटांचे ठसे घ्यावेत अशी सूचना निघाली. पण ठसे गुन्हेगारांचे घेतात, सभ्य कष्टकऱ्यांचे नव्हेत, अशी लोकांची समजूत असल्यामुळें ती बाजूस पडली. निवडणुकीच्या धामधुमींत विरोधी वृत्तपत्रांनीं तर, सरकार प्रत्येकाच्या गळ्यांत धातूचा बिल्ला अडकविणार आहे, अशी हूल उठविली. अखेर नुसता क्रमांक द्यावा असें ठरलें.

नोव्हेंबर १९३६ मध्यें हें काम टपालखात्याकडे सोंपविण्यांत आलें. सुमारें ४५,००० टपालकचेऱ्यांतून अर्ज वांटले गेले, आणि त्यांपैकीं १,०७४ कचेऱ्यांत टंकलेखकांनीं कार्डें तयार केलीं. पहिल्या दीड वर्षाच्या आंत सुमारें साडेतीन कोटि कार्डें लोकांच्या हातीं पडलीं. संगणक अद्याप जन्मास यावयाचा होता, हें लक्षांत घेतां या कामगिरीचें कौतुक करावें तितकें थोडें आहे. क्रमांकाचे पहिले तीन आंकडे संस्थानावरून ठरत, मधले दोन गटाचे, आणि शेवटचे चार अनुक्रमाचे. कार्ड साध्या कागदाचें. त्यावर छायाचित्र नाहीं, वर्णन नाहीं. किराणा दुकानदाराच्या खातेवहीला पान-क्रमांक असतो, त्याहून अधिक योग्यता या आंकड्यांची नव्हती. वहींतील पानाचा क्रमांक चोरून कोणाचें काय साधणार? म्हणून तो लपवून ठेवावा असें कोणास वाटलें नाहीं.

त्या निष्काळजीपणाचें पहिलें फळ लवकरच दृष्टीस पडलें. सन १९३८ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट गांवीं पैशाचीं पाकिटें करणारा एक कारखाना होता. नवीन कार्ड आपल्या पाकिटांत किती नीटनेटकें बसतें हें गिऱ्हाइकास दाखवावें म्हणून कारखान्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें युक्ति काढली. नमुन्याचें कार्ड छापून तें प्रत्येक पाकिटांत घालावयाचें! पण त्यावर क्रमांक कोणता छापावा? त्यानें आपल्या चिटणीस बाईंचा खराखुरा क्रमांक छापविला. कार्ड खऱ्या कार्डाच्या निम्म्या आकाराचें होतें, अक्षरें तांबडीं होतीं, आणि 'नमुना' या अर्थाचा शब्द त्यावर ठळकपणें छापलेला होता. म्हणजे फसगत होण्यास जागाच ठेविली नव्हती, असें कोणासही वाटेल. पाकिटें वुलवर्थच्या दुकानांतून व इतरत्र देशभर विकलीं गेलीं. आणि पाकिटाबरोबर आपणांस सरकारी क्रमांकही मिळाला असें समजून पुष्कळ गिऱ्हाइकांनीं तो खुशाल आपल्या मालकांना सांगितला!

सन १९४३ मध्यें एकाच वेळीं ५,७५५ माणसें त्या एका क्रमांकावर नोकरी करीत होतीं. सरकारनें तो क्रमांक रद्द केला, तो वापरूं नये असें जाहीर केलें, आणि त्या बाईंना नवा क्रमांक दिला. तरीही जुना क्रमांक वर्षानुवर्षें डोकें वर काढीतच राहिला. सारा हिशेब पाहतां चाळीस हजारांहून अधिक लोकांनीं तो केव्हां ना केव्हां आपला म्हणून सांगितला होता. बाईंच्या दारीं केंद्रीय गुप्त पोलिसही चौकशीस येऊन गेले. ज्या बाईंनीं कोणाचें कांहीं घेतलें नव्हतें, त्यांनाच जबाब द्यावे लागले. पुढें आलेल्या सगळ्या प्रकरणांत हाच अनुभव पुन्हां पुन्हां दिसतो. सन १९७७ सालीं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही, बारा माणसें तो क्रमांक वापरतांना आढळलीं.

दुसरी एक गोष्ट याहूनही गमतीची आहे. सन १९४० मध्यें सामाजिक सुरक्षितता मंडळानें लोकशिक्षणासाठीं एक पत्रक काढलें व त्यांतील चित्रांत एक काल्पनिक क्रमांक छापला. कोणाचाही खरा क्रमांक नको, एवढा धडा मंडळ शिकलें होतें. पण सन १९६२ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील प्रॉव्हिन्सटाउनच्या कचेरींत एक बाई तोच क्रमांक सांगत आली. हा तुमचा असणें शक्य नाहीं असें सांगतांच तिनें पुरावा म्हणून बावीस वर्षांपूर्वीचें तें पत्रकच पुढें केलें!

या गोष्टींतील माणसांच्या मनांत बहुतेक कपट नव्हतें. शिवाय पेन्शनीच्या खातेवहींत थोडा घोटाळा होण्यापलीकडे त्यांतून फारसा अनर्थही उद्भवला नाहीं. अनर्थाचें बीज दुसरीकडेच पडत होतें. सन १९४३ मध्येंच रूझवेल्ट यांनीं एक हुकूम काढून, सरकारी खात्यांना नवीन क्रमांकपद्धति सुरू करावयाची असल्यास हाच क्रमांक वापरावा, असें ठरविलें. खर्च वांचावा, हा हेतु. सन १९६२ मध्यें प्राप्तीवरील करासाठीं तो घेण्यांत आला. १९६९ मध्यें भूदल व हवाईदलाच्या शिपायांचे जुने क्रमांक जाऊन त्यांच्या जागीं हाच आला. पाठोपाठ बँका, विद्यापीठें, इस्पितळें, विमा कंपन्या यांनींही तोच मागण्यास आरंभ केला. मौज अशी कीं, सन १९४६ पासून १९७२ पर्यंत दिलेल्या कार्डांवर 'हें ओळख पटविण्यासाठीं नाहीं' अशा आशयाचें वाक्य सरकारनेंच छापलेलें होतें. तें कोणीं वाचलें नाहीं, आणि अखेरीस सरकारनें तें छापणेंही सोडून दिलें.

मुख्य चूक येथें झाली, आणि ती मराठी माणसास समजण्यास कठीण नाहीं. पेशवाईंतील कागदावर माथ्याशीं शिक्का असे आणि शेवटीं मोर्तब होई. पत्र कोणाचें हें मजकुरावरून व नांवावरून कळे; तें खरें कीं खोटें, हें शिक्का-मोर्तबावरून ठरे. नांव हें दहा जणांनीं उच्चारावयाचें असतें. शिक्का मात्र विश्वासू माणसाच्या ताब्यांत, पेटींत बंद राहतो. अमेरिकेंत नऊ आंकडे हे नांवही झाले आणि शिक्काही झाले! दवाखान्याच्या खिडकीशीं, महाविद्यालयाच्या हजेरीपत्रकावर, पगाराच्या चिठीवर तेच आंकडे नांवासारखे उघडे लिहावयाचे. आणि तेच आंकडे टेलिफोनवर सांगितले कीं, समोरच्या कारकुनानें 'हा माणूस खरा' असें मानावयाचें. जो जो तो क्रमांक वाचील त्याच्या हातीं शिक्काही गेला, असा त्याचा अर्थ होतो.

त्यांत आणखी एका व्यवसायाची भर पडली. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकाची पत कळविणाऱ्या पेढ्या त्या देशांत जुन्या काळापासून आहेत. सन १८९९ मध्यें जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं निघालेली 'रिटेल क्रेडिट कंपनी' ही त्यांपैकींच एक. हिनेंच पुढें 'इक्विफॅक्स' हें नांव धारण केलें. या पेढ्यांचीं पत्रकें इतकीं गुप्त असत कीं, ज्याच्याविषयीं मजकूर लिहिला त्यासच तो पाहण्याची सोय नव्हती. सन १९७० च्या कायद्यानें ती सोय झाली. कर्ज पाहिजे असलेल्या माणसानें बँकेंत अर्ज करावयाचा, बँकेनें पेढीस विचारावयाचें, पेढीनें नऊ आंकड्यांवरून पान काढून दाखवावयाचें. सगळें काम मिनिटांत होऊं लागलें. अर्ज करणारा कोण, हें मात्र कोणीं पाहिलें नाहीं. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणें हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा ठरला तो सन १९९८ मध्यें. तोंवर कायद्याच्या दृष्टीनें नुकसान झालें तें सावकाराचें. ज्याच्या नांवाला काळोखी लागली तो माणूस हिशेबांतच नव्हता.

सन १९६५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रांतून जे डॉक्टर, इंजिनियर व पुढें संगणकज्ञ त्या देशीं गेले, त्यांनाही नोकरीबरोबर हा क्रमांक मिळाला, आणि त्याचबरोबर ही जोखीमही आली. पुण्या-मुंबईंतील पुष्कळ घरांतून आज मुलगा वा मुलगी तिकडे आहे. कित्येक जण तिकडे पांच-दहा वर्षें काढून परत आले आहेत. माणूस परत येतो. त्याचें पान पेढीच्या दप्तरांत तसेंच राहतें.

माहितीच्या कोठाराला भगदाड पडलें तर तें मालकानें सांगितलेंच पाहिजे, असा नियम एकविसावें शतक उजाडेपर्यंत कोठेंही नव्हता. तो प्रथम झाला कॅलिफोर्निया संस्थानांत, आणि त्याचें कारण मोठें मार्मिक आहे. एप्रिल २००२ मध्यें त्या संस्थानच्या सरकारी संगणक-केंद्रांत चोर शिरले, आणि सुमारें २,६५,००० सरकारी नोकरांचे वेतनाचे कागद उघडे पडले. त्यांना हें कळविण्यांत आलें तें मे महिन्याच्या उत्तरार्धांत. या नोकरांत कायदेमंडळाचे सभासदही होते! इतर वेळीं वर्षानुवर्षें रेंगाळणारें काम त्याच वर्षीं पुरें झालें, आणि १ जुलै २००३ पासून कायदा अंमलांत आला.

त्याचा उपयोग किती झाला हें सन २००५ मध्यें कळून आलें. चॉइसपॉइंट नांवाची एक कंपनी लोकांची माहिती गोळा करून विकण्याचा धंदा करीत असे. ती मूळची इक्विफॅक्सचीच शाखा, १९९७ मध्यें विभक्त झालेली. हिच्या कोठाराचें कुलूप कोणीं फोडलें नाहीं. कांहीं भामट्यांनीं लहानसहान व्यापारी असल्याचें सोंग घेतलें, रीतसर गिऱ्हाईक म्हणून नांवें नोंदविलीं, आणि पैसे मोजून माहिती विकत घेतली. धंद्याचा पत्ता म्हणून भाड्याची टपालपेटी दिलेली होती. निरनिराळ्या नांवांचे अर्ज एकाच सार्वजनिक ठिकाणाहून फॅक्सनें आले होते. एखाद्या वाण्यानें एवढ्या अंधारांत कोणास उधार दिलें नसतें. १,६३,००० लोकांची माहिती अशी बाहेर गेली, आणि निदान ८०० जणांच्या नांवावर प्रत्यक्ष चोऱ्या झाल्या. कंपनीनें प्रथम पत्रें धाडलीं तीं फक्त कॅलिफोर्नियांतील सुमारें ३५,००० लोकांना. कारण कायदा तेवढ्याच संस्थानांत होता. इतर संस्थानांच्या सरकारी वकिलांनीं जाब विचारल्यावर बाकीच्यांना कळविण्यांत आलें. पुढच्या वर्षीं कंपनीला १ कोटि डॉलर दंड व ५० लक्ष डॉलर भरपाई द्यावी लागली. या प्रकरणानंतर एकेका संस्थानानें कॅलिफोर्नियाचा कित्ता गिरविला. शेवटचें अलाबामा, सन २०१८ मध्यें.

मध्यंतरीं विद्वानांनींही आपला वांटा उचलला. सन २००९ मध्यें पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, माणसाची जन्मतारीख व जन्मस्थान कळल्यास त्याच्या क्रमांकाचा बराच भाग नुसत्या हिशेबानें ओळखतां येतो. १९८८ नंतर जन्मलेल्यांपैकीं शेंकडा ४४ जणांचे पहिले पांच आंकडे त्यांना एकाच प्रयत्नांत बरोबर सांगतां आले. म्हणजे चोरी करण्याचीही गरज उरली नाहीं! जून २०११ पासून नवे क्रमांक कोणत्याही क्रमावांचून देण्यांत येऊं लागले. जुन्यांचे मात्र जुनेच राहिले.

आणि मग सन २०१७ उजाडलें. इक्विफॅक्सच्या पत-पत्रकांत चूक आढळल्यास लोकांनीं तक्रार करावी म्हणून इंटरनेटवर एक खिडकी ठेविलेली होती. ती ज्या सॉफ्टवेअरवर चालत असे त्यांत दोष असल्याचें ७ मार्च रोजीं जाहीर झालें, आणि दुसऱ्याच दिवशीं सरकारी इशाराही आला. कंपनीच्या नोकरांना ४८ तासांत दुरुस्ती करण्याचा निरोप गेला. निरोप गेला, दुरुस्ती झाली नाहीं. १३ मे रोजीं चोर त्या खिडकींतून आंत शिरले. आंत त्यांना पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले सांपडले. पुढें ७६ दिवस ते कोठारांत सुखेनैव वावरत होते. सुमारें ९,००० वेळां त्यांनीं निरनिराळीं दप्तरें चाळलीं. बाहेर जाणाऱ्या मजकुरावर पहारा ठेवणारें एक यंत्र होतें. पण त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपून महिने लोटले होते, आणि तें यंत्र आंधळें झाल्याचें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. २९ जुलैला प्रमाणपत्र नवें केलें मात्र, पहारेकऱ्याला तत्काळ दृष्टि आली!

सुमारें १४ कोटि ७० लक्ष माणसांचीं नांवें, जन्मतारखा, पत्ते आणि ते नऊ आंकडे गेले. त्या देशाच्या प्रौढ लोकसंख्येंतील निम्म्याहून अधिक माणसें यांत आलीं. यांतील बहुतेकांनीं या पेढीचें दार कधीं पाहिलें नव्हतें, तिच्याशीं करार केला नव्हता. ७ सप्टेंबर रोजीं बातमी जाहीर झाली तेव्हां घरोघरीं जो संताप उसळला त्याचें कारण हेंच. आपली वस्तु गहाण न ठेवतां गहाण पडावी, आणि सावकाराच्या घरीं चोरी व्हावी, तसा हा प्रकार होता.

त्यानंतरचें कंपनीचें वर्तन चोरीहूनही उद्बोधक आहे. गोंधळलेल्या लोकांसाठीं तिनें एक नवें संकेतस्थळ काढलें. त्याचें नांव कंपनीच्या मूळ नांवाहून वेगळें. हें पाहून एका सॉफ्टवेअर तज्ज्ञानें, लोकांना फसविणें किती सोपें आहे तें दाखविण्यासाठीं, त्याच नांवांतील शब्द उलटसुलट करून हुबेहुब दुसरें स्थळ उभें केलें. आणि कंपनीच्याच नोकरांनीं चुकून एकदां नव्हे, अनेकदां लोकांना त्या खोट्या स्थळाकडे धाडलें! तो तज्ज्ञ सज्जन होता म्हणून निभावलें. दुसरें असें कीं, आपलें पान कुलूपबंद करूं पाहणाऱ्यांना कंपनी जी गुप्त किल्ली देत असे, तो आंकडा म्हणजे अर्ज केल्याची तारीख व वेळ होती. किल्ली दाराच्या चौकटीवरच टांगून ठेवल्यासारखें तें झालें. मुख्य अधिकाऱ्यानें त्याच महिन्यांत पद सोडलें. सन २०१९ मध्यें निदान ५७ कोटि ५० लक्ष डॉलरांची तडजोड झाली. ज्यांना फुकट देखरेखीची सेवा नको त्यांना १२५ डॉलरपर्यंत रोख मिळतील असें सांगण्यांत आलें. पण त्यासाठीं राखलेली रक्कम केवळ ३ कोटि १० लक्ष, आणि मागणारे इतके कीं, हातीं येणारी रक्कम फारच थोडी असेल, असें सरकारी व्यापार-आयोगालाच पुढें सांगावें लागलें. फेब्रुवारी २०२० मध्यें अमेरिकेनें या चोरीबद्दल चिनी सैन्यांतील चौघांवर आरोप ठेवले. चीननें ते नाकारले.

या सगळ्या गोंधळांतून एक खरोखर उपयोगी वस्तु सामान्य माणसाच्या पदरांत पडली. ती म्हणजे आपलें पान गोठविण्याचा हक्क. पेढीस एकदां तसें सांगितलें म्हणजे नव्या कर्जासाठीं विचारणा करणाऱ्या कोणासही तें पान दाखवितां येत नाहीं. आणि पान पाहिल्यावांचून सावकार सहसा कर्ज देत नाहीं. तोतयाजवळ नांव असो, नऊ आंकडे असोत, त्याचें काम तेथेंच अडतें. हा हक्कही मूळचा कॅलिफोर्नियाचाच. परंतु पुष्कळ संस्थानांत त्यासाठीं प्रत्येक पेढीला दर खेपेस फी मोजावी लागे. २१ सप्टेंबर २०१८ पासून केंद्रीय कायद्यानें ती फी देशभर बंद झाली. टेलिफोननें वा इंटरनेटवरून कळविल्यास एका कामकाजाच्या दिवसांत पान गोठविलेंच पाहिजे, आणि मालकानें उघडावयास सांगितल्यास एका तासांत उघडलें पाहिजे. यांत मेख एवढीच कीं, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व ट्रान्सयुनियन या तिन्ही पेढ्यांना स्वतंत्रपणें सांगावें लागतें. एकीस सांगून स्वस्थ बसणारा माणूस तीन दारांच्या घराचें एकच दार लावून निजला असें समजावें. एकदां गोठविलेलें पान मालक सांगेपर्यंत तसेंच राहतें; तेव्हां स्वदेशीं परतलेल्या माणसानेंही तें गोठवून ठेवणेंच श्रेयस्कर.

याच्याहून सौम्य असा उपाय सन २००३ च्या कायद्यानें दिला आहे. पानावर सावधगिरीची खूण करून ठेवावयाची. ती पाहून सावकारानें अर्जदार खरा कीं खोटा याची अधिक चौकशी करावयाची. ही खूण एका पेढीस सांगितली कीं ती इतर दोघींस कळविते, आणि हल्लीं ती वर्षभर टिकते. मात्र ती पाहून चौकशी करणें सावकाराच्या दक्षतेवर सोंपविलेलें आहे. गोठविण्यांत दुसऱ्याच्या दक्षतेवर विसंबावें लागत नाहीं. करखात्याकडून सहा आंकड्यांची एक गुप्त संख्या मिळते. ती दरसाल बदलते, आणि तिच्यावांचून त्या नांवाचें करपत्रक घेतलें जात नाहीं. प्रथम ती फक्त नाडलेल्यांसच देत. सन २०२१ पासून मागेल त्यास देतात. मुलांचें तर विशेषच पाहिलें पाहिजे. तान्ह्या मुलाला इस्पितळांतच क्रमांक देववण्याची सोय सन १९८७ पासून आहे, आणि त्या क्रमांकाकडे पुढें अठरा वर्षें कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. चोराला याहून सोयीची जागा कोणती? सोळा वर्षांखालील मुलाचें पान आईबापांना गोठवितां येतें, ही सन २०१८ च्या कायद्याची दुसरी चांगली देणगी.

परंतु पान गोठविल्यानें उघडलेलीं जुनीं खातीं सुरक्षित होत नाहींत. त्यांवर डोळा ठेवणें, न केलेला खर्च दिसतांच बँकेस कळविणें, हें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. आणि प्रत्येक मोठ्या चोरीनंतर चोरांची दुसरी टोळी येते ती मदतीच्या मिषानें. 'तुमची माहिती चोरीस गेली आहे, खात्री करण्यासाठीं जन्मतारीख सांगा', असा टेलिफोन येतो. घाबरलेला माणूस पहिल्या चोराला जें मिळालें नाहीं तें दुसऱ्याला आपण होऊन देतो. समजते लोक अशा वेळीं टेलिफोन खालीं ठेवतात, आणि बँकेच्या कार्डावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः विचारणा करतात.

भारतांतील आधार-क्रमांकाचा आरंभ महाराष्ट्रांतच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं पहिलीं आधार-पत्रें देण्यांत आलीं. हा बारा आंकड्यांचा क्रमांक पहिल्यापासूनच अनुक्रमावांचून दिला जातो, त्यामुळें तो जन्मस्थानावरून ओळखतां येत नाहीं; शेवटचा आंकडा तर चूक पकडण्यासाठीं आहे. अमेरिकेनें जे ठसे नाकारले ते येथें बोटांचे व बुबुळांचेही घेतले गेले. पण क्रमांक बदलतां येईल, बोट कसें बदलणार? म्हणून ठशांना कुलूप घालण्याची सोय आहे; सन २०१८ पासून मूळ क्रमांकाऐवजीं सोळा आंकड्यांचा तात्पुरता क्रमांक देतां येतो; आणि शेवटचे चारच आंकडे दाखविणारी प्रतही मिळते. या सोयी पुष्कळांना ठाऊक नाहींत, आणि ज्यांना ठाऊक आहेत तेही, सिमकार्डाच्या दुकानांत असो कीं हॉटेलच्या टेबलाशीं असो, संपूर्ण क्रमांकाची झेरॉक्स निमूटपणें काढून देतात. ती झेरॉक्स पुढें कोठें जाते, हें विचारणें हा उद्धटपणा समजला जातो!

अमेरिकेनें मध्यंतरीं कांहीं डागडुजी केली. वृद्धांच्या औषधोपचाराच्या सरकारी कार्डावर तेच नऊ आंकडे उघडे छापलेले असत. ते काढून सन २०१८ व २०१९ मध्यें निराळ्या क्रमांकाचीं कार्डें घरोघर पाठविण्यांत आलीं. मूळ क्रमांक बदलून मागणाऱ्यास मात्र अनेक पुरावे द्यावे लागतात, आणि तो क्वचितच मिळतो. मिळाला तरी जुन्या क्रमांकाचें दप्तर नव्यास जोडलेलें राहतें. शिवाय नव्या क्रमांकाला पत नसल्यामुळें कर्ज मिळणें उलट अवघड होतें. लॉकपोर्टच्या त्या चिटणीस बाईंना नवा क्रमांक मिळाला, कारण त्या एकट्या होत्या. सन २०१७ मध्यें ज्यांचे आंकडे गेले त्या १४ कोटि ७० लक्ष लोकांना सरसकट नवे क्रमांक देण्यांत आले नाहींत. पगाराच्या कागदावर आणि कराच्या पत्रकावर तेच जुने नऊ आंकडे चालू आहेत.